दाव्याला बांधलेली शेळी किती रान चरते? हे गणित सोडवायची सरळ रीत

दहावीच्या भूमितीत, स्पर्धा परीक्षेत, कुठं ना कुठं हे गणित येतंच. शेळी (कधी गाय, कधी घोडा) अमुक मीटर दोरीनं बांधलीय, ती किती जागेतलं गवत खाईल? आणि पोरं काय करतात, तर लगेच पाय (π, म्हणजे ३.१४) गुणिले त्रिज्येचा वर्ग लिहून मोकळी होतात, नाहीतर क्लासच्या नोट्समधलं 'कोपऱ्याला बांधली तर हे सूत्र, भिंतीच्या मधे बांधली तर ते सूत्र' असं पाठ केलेलं आठवत बसतात. मला ही पाठ करायची पद्धत अजिबात पटत नाही, कारण पेपरात शेडची मापं जरा बदलली की पाठ केलेलं सगळं फसतं, आणि खरं म्हणजे या गणिताला वेगळं सूत्र लागतच नाही. दोनच प्रश्न विचारायचे. दावं कुठं अडतं? आणि अडल्यावर किती उरतं? एवढं नीट बघितलं की वर्तुळपाकळी (दोन त्रिज्या आणि कंस यांच्यामधला तुकडा) आणि वर्तुळखंड (जीवा आणि कंस यांच्यामधला तुकडा) यांच्या जोरावर सगळं सुटतं, आणि हे दोन्ही आपल्या बोर्डाच्या दहावीच्या गणित भाग २ मधे महत्त्वमापन प्रकरणात आहेत.

आपल्याकडं सोलापूर भागात हा प्रश्न नुसता पुस्तकातला नाहीये. रब्बीची ज्वारी उभी असते तेव्हा शेळी मोकळी सोडली तर शेजारच्या रानात शिरणार आणि बांधावरून भांडण होणार, म्हणून मोहोळ म्हणा, सांगोला म्हणा, मंगळवेढा म्हणा, शेळी दाव्याला बांधूनच चारतात. खुंटी कुठं ठोकायची आणि दावं किती सोडायचं याचा अंदाज शेतकऱ्याला असतोच, आपण तोच अंदाज आकड्यात मांडायचा.

आधी सगळ्यात सोपं. मोकळं रान, मधे खुंटी, आजूबाजूला काही अडथळा नाही. इथं पूर्ण वर्तुळ मिळतं, त्रिज्या म्हणजे दाव्याची लांबी. दावं ६ मीटर असेल तर ३.१४ × ३६ = ११३.०४ चौरस मीटर. इथंच एक गोष्ट डोक्यात पक्की करून घ्या, दावं दुप्पट केलं की चरायची जागा चौपट होते, दुप्पट नाही. ३ मीटरला २८.२६ आणि ६ मीटरला ११३.०४. एमसीक्यूमधे हा प्रश्न फार आवडीनं विचारतात. आणि गुंठ्यात विचार करायची सवय असेल तर असं बघा, एक गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट, तर एक गुंठा चरायला साधारण १८.६ फूट दावं लागतं. गणितात आपण शेळीची मान धरत नाही, फक्त दोरी धरतो, प्रत्यक्षात खुंटीच्या गाठीत थोडी दोरी जाते आणि मान पुढं करून शेळी थोडं जास्त खाते, ते सोडून द्यायचं.

आता अडथळे. अडथळा दोन प्रकारचा असतो आणि पोरांचा घोळ होतो तो इथंच. एक असतो कापणारा, म्हणजे कुंपण किंवा बांध, पलीकडं जायचंच नाही, वर्तुळाचा पलीकडचा तुकडा सरळ वजा. दुसरा असतो वळवणारा, म्हणजे शेड, गोठा, विहिरीचा कठडा, यात शेळी बाहेरून बांधलेली असते, ती वळसा घालून मागं जाते आणि दावं भिंतीच्या कोपऱ्यावर दुमडतं. गणित वाचल्यावर पहिल्यांदा हे ठरवा, कापतंय का वळवतंय.

कापणारा सोपा नमुना म्हणजे चौकोनी रानाच्या आतल्या कोपऱ्यात खुंटी. रानाचा कोपरा ९० अंशाचा, म्हणून भाकरीचा चतकोर मिळतो, पूर्ण वर्तुळाचा पाव. एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकात हेच आहे, १५ मीटर बाजूचं चौरस कुरण, कोपऱ्यात घोडा, दोरी ५ मीटर. पाव × ३.१४ × २५ = १९.६२५ चौरस मीटर. मग विचारतात दोरी १० मीटर केली तर किती वाढेल, ७८.५ वजा १९.६२५ म्हणजे ५८.८७५. फक्त दोरी १५ च्या आत आहे का ते बघायचं, त्याहून मोठी झाली तर चतकोर पूर्ण बसत नाही, पलीकडच्या कुंपणापाशी तो कापला जातो.

कापणाऱ्याचा जरा अवघड नमुना. खुंटी बांधापासून ३ मीटरवर, दावं ६ मीटर, बांध सरळ लांबच लांब गेलाय, पलीकडं ज्वारी, तिकडं तोंड घालायचं नाही. इथं वर्तुळातून एक वर्तुळखंड वजा करायचा. खुंटीपासून बांधावर लंब टाका, तो ३, कर्ण ६, म्हणजे ३०-६०-९० चा त्रिकोण आला, खुंटीपाशी ६० अंश, दोन्ही बाजूला मिळून १२०. मग पाकळी ११३.०४ चा तिसरा भाग म्हणजे ३७.६८, त्यातून त्रिकोण वजा, अर्धा × ६ × ६ × साइन १२० = १५.५९, खंड राहिला २२.०९. उत्तर ११३.०४ − २२.०९ = ९०.९५ चौरस मीटर. परीक्षेत असा कोन मुद्दाम ६० किंवा ९० येईल असेच आकडे देतात, त्यामुळं लंब आणि दोरीचं गुणोत्तर अर्धं आलं की हसायचं आणि पुढं जायचं.

वळवणारा अडथळा ही खरी मजा आहे, आणि यासाठी माझं म्हणणं आहे की आधी वहीत नाही, पुठ्ठ्यावर करून बघा. खोक्याचा पुठ्ठा घ्या, त्यावर आलेख कागद चिकटवा, थर्माकोलचा ४ सेंमी बाय ३ सेंमी तुकडा कापून मधोमध चिकटवा, हे आपलं ४ मीटर बाय ३ मीटरचं पत्र्याचं शेड. एका कोपऱ्याला अगदी लागून टाचणी टोचा. टाचणीला सूत बांधा, आणि सोलापुरात सुताला काय तोटा, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर असलेलं कोणीतरी ओळखीचं निघतंच, चादरी-टॉवेलचं सूत घ्या कारण ते ओढलं तरी फार लांबत नाही, लोकर किंवा रबर घेतलं तर सगळं माप चुकेल. गाठ सोडून बरोबर ६ सेंमी सूत राहू दे, टोकाला फास करून त्यात पेन्सिल अडकवा. आता सूत ताणून धरा आणि शेडच्या एका भिंतीला चिकटून सुरुवात करून फिरवत न्या.

नीट बघा काय होतंय. ४ सेंमीच्या भिंतीला समांतर सूत पडलेलं असताना ते भिंतीच्या दुसऱ्या टोकाच्या पुढं २ सेंमी बाहेर आलेलं असतं. तिथून पेन्सिल शेडच्या मागच्या अंगाला वळवली की सूत त्या कोपऱ्यावर दुमडतं, ४ सेंमी भिंतीला चिकटून राहतं आणि पेन्सिल आता फक्त २ सेंमीच्या सुतावर फिरायला लागते, कोपऱ्यावर सूत घट्ट रुतलेलं बोटाला कळतं. आधीचा मोठा कंस जिथं संपला तिथूनच छोटा कंस सुरू होतो, मधे तुटत नाही. उलट्या बाजूला ३ सेंमीची भिंत, तिथं ३ सेंमी उरतं.

आता हिशोब आपोआप पुढं आलाय. कोपऱ्याच्या बाहेर ३६० वजा ९० म्हणजे २७० अंश मोकळे, पाऊण भाकरी. पाऊण × पाय × ३६ = २७ पाय. ४ मीटरच्या भिंतीनंतर उरले २, चतकोर, पाव × पाय × ४ = १ पाय. ३ मीटरच्या भिंतीनंतर उरले ३, पाव × पाय × ९ = सव्वादोन पाय. बेरीज ३०.२५ पाय, म्हणजे ९४.९८५ चौरस मीटर. पुठ्ठ्यावर आलेख कागदाचे पूर्ण चौकोन मोजा आणि अर्धेमुर्धे दोन-दोन मिळून एक धरा, ९५ च्या आसपास येतंय का बघा. पोरांना ही मोजणी करायला लावा म्हणजे उत्तरावर त्यांचा विश्वास बसतो, नुसतं 'बरोबर आहे' म्हणून सांगितलं तर बसत नाही. आणि एक, पाय शेवटपर्यंत तसाच ठेवा, ३.१४ ने प्रत्येक ओळीत गुणत बसू नका, शेवटी एकदाच गुणा.

सावध राहायची जागा म्हणजे दावं जर दोन भिंतींच्या बेरजेपेक्षा मोठं असेल तर. आपल्या शेडला ४ + ३ = ७. दावं ६ आहे तोवर काळजी नाही, पण ८ केलं तर एका बाजूनं ४ आणि दुसऱ्या बाजूनं ५ उरतात आणि समोरच्या कोपऱ्यापलीकडं दोन्ही चतकोर एकमेकांवर चढतात, तो भाग दोनदा मोजला जातो आणि उत्तर मोठं येतं. तेवढा भाग एकदा वजा करावा लागतो. दहावीला सहसा हे विचारत नाहीत, पण दावं आणि दोन भिंतींची बेरीज ही तुलना करायची सवय ठेवा.

आता तेच शेड, दावं ५ मीटर, पण बांधायचं ४ मीटरच्या भिंतीच्या बरोबर मधे. समोर अर्धवर्तुळ, साडेबारा पाय. दोन्हीकडं २-२ मीटर भिंत गेली की ३ उरतात, दोन चतकोर, प्रत्येकी सव्वादोन पाय. एकूण १७ पाय, ५३.३८. आणि हेच ५ मीटरचं दावं कोपऱ्याला बांधलं असतं तर? पाऊण × २५ = १८.७५, मग उरलेल्या १ मीटरचा पाव, उरलेल्या २ मीटरचा एक, बेरीज २० पाय, ६२.८. तेवढ्याच दोरीत नऊ-साडेनऊ चौरस मीटर जास्त, फक्त कडी कुठं ठोकली त्यावर. भिंतीच्या मधे उभं राहिलं की मोकळे १८० अंश, कोपऱ्यावर २७०, सगळा फरक तिथूनच येतो. मला या अख्ख्या गणितात ही तुलना सगळ्यात आवडते, कारण शेळी बांधणाऱ्याला हे सूत्राशिवाय माहीत असतंय आणि आपल्याला ते कागदावर सिद्ध करता येतं.

तारेवर कडी सरकती ठेवून जनावर बांधतात तेही विचारतात. दोन खांबांमधे १० मीटर तार, दावं ३ मीटर, तर मधे १० बाय ६ चा आयत आणि दोन टोकांना अर्धी-अर्धी वर्तुळं. ६० + २८.२६ = ८८.२६. यात जास्त काही नाही.

विहिरीचं मात्र वेगळं आहे. गोल विहीर, बांधीव कठडा, कठड्याची बाहेरची त्रिज्या ३ मीटर, आणि कठड्याच्या बाहेरच्या अंगाला कडीला ३ मीटर दाव्यानं शेळी. इथं कोपराच नाही, त्यामुळं दावं एकदम दुमडत नाही, थोडं थोडं कठड्याला चिकटत जातं आणि तसतसं उरलेलं कमी होत जातं. कडीपाशी कठड्याला स्पर्शिका काढा. स्पर्शिकेच्या बाहेर अर्धवर्तुळ, ते सोपं, अर्धा × ३.१४ × ९ = १४.१३. आता स्पर्शिका आणि कठडा यांच्यामधल्या दोन चिंचोळ्या जागा राहिल्या.

त्या कशा मोजायच्या, तर बारीक पाकळ्या करून. ०.२ रेडियन (साडेअकरा अंशाच्या आसपास; त्रिज्येएवढ्या लांबीच्या कंसाचा कोन म्हणजे १ रेडियन) एवढा एक टप्पा घ्या. त्रिज्या ३, म्हणजे प्रत्येक टप्प्याला ०.६ मीटर दावं कठड्याला चिकटतं. पाच टप्प्यात सगळं ३ मीटर संपतं. प्रत्येक टप्प्याच्या मध्यावर उरलेलं दावं २.७, २.१, १.५, ०.९, ०.३. प्रत्येक पाकळीचं क्षेत्रफळ अर्धा × लांबीचा वर्ग × कोन. वर्ग करा, ७.२९, ४.४१, २.२५, ०.८१, ०.०९, बेरीज १४.८५. अर्धा × ०.२ × १४.८५ = १.४८५. टप्पे अजून बारीक केले की हे १.५ कडं सरकतं, आणि बारावीवाले संकलन (इंटिग्रेशन) करून थेट दाखवतील की एका बाजूची जागा म्हणजे दाव्याचा घन भागिले ६ पट त्रिज्या, २७ ÷ १८ = १.५. दोन्ही बाजू मिळून ३. एकूण १७.१३ चौरस मीटर, मोकळ्या रानात याच दाव्याला २८.२६ मिळाले असते. पाच पाकळ्यांत १.४८५ पर्यंत पोचलो, तेही कॅलक्युलसचं नाव न काढता, हे पोराला एकदा हातानं करू द्याच.

दावं कठड्याच्या अर्ध्या घेरापेक्षा मोठं झालं तर दोन्ही बाजूंचे भाग मागं एकमेकांत घुसतात, तिथं ही रीत तशीच चालत नाही. मजा म्हणजे १७४८ साली इंग्लंडमधल्या लेडीज डायरी या वार्षिकात नेमकं तसलंच कोडं आलं होतं, तळ्याभोवती लोखंडी गोल कठडा, घेर १६० यार्ड, आणि घोड्याची दोरीही तेवढीच.

आणि शेवटचं, सगळ्यात नावाजलेलं. गोल कुरण, पूर्ण कुंपण, शेळी कुंपणालाच आतून बांधलेली. दावं किती ठेवलं म्हणजे ती बरोबर अर्धं कुरण चरेल? १८९४ साली अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथलीच्या पहिल्याच वर्षात हे आलं होतं, आणि उत्तराचं नेमकं सूत्र इंगो उलिश या गणितज्ञानं २०२० मधे दिलं. तोपर्यंत सगळे अंदाजे उत्तरावरच होते, पण ते अंदाजे उत्तर काढायला दहावीचंच सामान पुरतं, फक्त कोन रेडियनमधे धरायचे.

कुरणाची त्रिज्या १ धरा, दावं 'द'. दाव्याचा कंस कुंपणाला दोन ठिकाणी छेदतो. खुंटीपासून एका छेदबिंदूपर्यंत रेघ आणि खुंटीतून जाणारा व्यास यांच्यामधला कोन 'अ', तर कोसाइन अ = द ÷ २. चरलेली जागा म्हणजे खुंटीवरची एक मोठी पाकळी (कोन २अ, क्षेत्रफळ द वर्ग × अ) आणि तिच्या दोन्ही कडांना कुरणाच्या वर्तुळाचे दोन खंड (प्रत्येकाचा केंद्रीय कोन पाय − २अ). सगळं जोडून आवरलं की राहतं: पाय + २अ × कोसाइन २अ − साइन २अ. हे पाय ÷ २ एवढं, म्हणजे १.५७०८, यायला पाहिजे.

शाळेतल्या रीतीनं समीकरण सोडवून 'अ' मोकळा काढता येत नाही, म्हणून आकडे टाकून बघायचं. मोबाईलच्या कॅलक्युलेटरला रेडियन मोडवर टाका, डिग्रीवर राहिला तर उत्तर वेडंवाकडं येईल. द = १ घेतलं, म्हणजे दावं त्रिज्येएवढंच, तर जागा १.२२८ येते, जेमतेम ३९ टक्के. बऱ्याच जणांना वाटतं त्रिज्येएवढं दावं म्हणजे अर्धं कुरण, तसं नाहीये. द = १.२ ला १.६६२, म्हणजे जास्त झालं. १.१५ ला १.५५१५, थोडं कमी. १.१६ ला १.५७३६, किंचित जास्त. म्हणजे १.१५ आणि १.१६ च्या मधे, १.१६ च्या जवळ. असंच आवळत गेलात की १.१५८७ वर येता. कुरणाची त्रिज्या १० मीटर असेल तर दावं ११ मीटर ५९ सेंटीमीटर.

सरावाला एक देतो. समभुज त्रिकोणी ओटा, प्रत्येक बाजू ४ मीटर, बाहेरून एका कोपऱ्याला ६ मीटर दाव्यानं शेळी. कोपऱ्यावर ६० अंश अडले म्हणून ३०० मोकळे, ३० पाय. प्रत्येक बाजूनंतर २ मीटर उरतात, पण इथं चतकोर धरू नका, पुढच्या कोपऱ्यावर दावं १२० अंश फिरतं, म्हणून तिसरा भाग, दोन्ही मिळून ८ पाय ÷ ३. मागच्या बाजूच्या बरोबर मध्यावर दोन्ही कंस एकमेकांना टेकतात, चढत नाहीत. उत्तर ९८ पाय ÷ ३, साधारण १०२.५७ चौरस मीटर, म्हणजे एक गुंठ्याहून थोडं जास्त.